चार दिवसांचे माहेर

दिवाळीच्या सुट्टीत मी एक कुत्री घरी नेली होती आणि सुट्टी संपल्यावर ती परत केली, ही गोष्ट वसतिगृहात कळली तेव्हा माझ्यावर बरीच टीका झाली. तिचे उत्तर मी तोंडी देऊन पाहिले. परंतु गच्चीवरच्या वादात जिचा आवाज मोठा तिचेच म्हणणे खरे ठरते, आणि माझा आवाज लहान आहे. म्हणून वार्षिकांकाच्या या पानांचा आधार घेत आहे.

टीका दोन बाजूंनी झाली. एक मैत्रीण म्हणाली, "१८ दिवस माया लावायची आणि मग पुन्हा पिंजऱ्यात नेऊन सोडायचे, ही दया की क्रूरता? त्यापेक्षा न्यायचीच नाही." दुसरी म्हणाली, "माणसांना राहायला घरे नाहीत आणि तुला कुत्र्यांचे पडले आहे! पोटे भरलेल्यांचे हे खेळ." या दोन्ही प्रश्नांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. माझ्या मनातही ते आधी येऊन गेले होते. पण उत्तराआधी एक कबुली दिली पाहिजे, कारण या प्रकरणाची सुरुवात दयेपासून झालेली नाही. ती एका अपराधापासून झाली आहे.

२०२४ च्या श्रावणात आपल्या ग्रंथालयामागे, मोडक्या बाकांच्या ढिगाखाली, एका कुत्रीला चार पिल्ले झाली. आम्ही प्रथम वर्षाच्या मुली तेव्हा नुकत्याच वसतिगृहात आलो होतो. कोणाला करमत नव्हते. ती पिल्ले म्हणजे मोठाच विरंगुळा झाला. मेसमध्ये उरलेली पोळी दुधात कुस्करून दोन्ही वेळेला नेमाने जाऊ लागली. त्यांचे बारसे झाले, नावावरून भांडणे झाली. आमच्या चपलांचा आवाज ऐकताच चौघेही धावत येत. मग ऑक्टोबरच्या अखेरीस परीक्षा संपली, मेस बंद झाली, आणि आम्ही पिशव्या उचलून आपापल्या एस. टी. गाठल्या. फाटकापर्यंत पिल्ले आमच्या मागे आली होती. आम्ही त्यांना लाडाने "जा, जा" म्हटले आणि रिक्षात बसलो.

तीन आठवड्यांनी परत आलो तेव्हा दोनच उरली होती. एक रस्त्यावर वाहनाखाली गेले असे वॉचमनकाकांनी सांगितले. दुसऱ्याचे काय झाले ते त्यांनाही ठाऊक नव्हते. "रोज मेसच्या दारात जाऊन बसायची," एवढेच ते म्हणाले. त्यांना जमेल तेवढे त्यांनी स्वतःच्या डब्यातले घातले होते.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे एखादे जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! आम्हाला तेवढाही झाला नसता, कारण कायद्याने ती पिल्ले आमची नव्हतीच. पण भूक लागली की मेसच्या दारात जावे हे त्यांना कोणी शिकवले? उकिरड्यावर शोधून खाण्याच्या वयात आम्ही त्यांना बशीची सवय लावली आणि बशी उचलून सुट्टीला निघून गेलो. शिक्षणसंस्थांच्या आवारातील कुत्र्यांचे हेच दुर्दैव आहे. सत्र सुरू असताना शंभर पालक, आणि सुट्टी लागली की एकही नाही. मग सुट्टीचा विचार न करता दाखवलेली दया कोणाच्या उपयोगाची?

उरलेली दोन पिल्ले आम्ही शहराबाहेरच्या एका प्राणी निवाऱ्यात नेऊन दिली. एकाला पुढे घर मिळाले, दुसरे आजाराने गेले. मी मात्र त्या निमित्ताने रविवारी तिकडे जाऊ लागले. पत्र्याची लांब शेड, पन्नासच्या आसपास कुत्री, आणि काम करणारी माणसे तीन. अपघातात सापडलेली, आजारी, घरच्यांनी सोडून दिलेली अशी ही कुत्री. एक भुंकले की पन्नास भुंकतात. दिवाळीत त्यावर फटाक्यांची भर पडते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे, आणि बारीक आवाजही ते आपल्यापेक्षा लांबून टिपते. आपल्याला जी गंमत वाटते ती पिंजऱ्यात कोंडलेल्या जिवाला कशी वाटत असेल याची कल्पना करावी. शिवाय दिवाळीत कामगारांनाही घरी जायचे असते. त्यामुळे ज्या दिवसांत कुत्र्यांना माणसाची गरज अधिक, नेमक्या त्याच दिवसांत तिथे माणसे कमी असतात.

यावर त्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे सुट्टीपुरता सांभाळ. प्राणिमित्र मंडळी त्याला ‘फॉस्टर’ म्हणतात. अमेरिकेत पुष्कळ निवारे नाताळच्या आगेमागे कुत्री अशीच घरोघरी पाठवतात. कुत्रे तुमच्या मालकीचे होत नाही. ठराविक दिवस तुम्ही ते घरी ठेवायचे, औषधपाण्याचा खर्च निवाऱ्याचा, आणि ठरल्या तारखेला परत आणून द्यायचे. तारीख आधीच कागदावर लिहिलेली असते. २०२५ च्या दिवाळीसाठी मी नाव दिले. निवाऱ्याच्या ताईंनी माझ्या उत्साहावर विश्वास ठेवला नाही, हे त्यांनी फार चांगले केले. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांशी बोलल्याशिवाय मी कुत्री देणार नाही."

आणि आबांनी नाही म्हटले. "घरात मानसास्नी जागा न्हाई, आन् कुत्रं कशाला?" हे झाले वरवरचे कारण. खरे कारण मला माहीत होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाला शाळेतून येताना कुत्रे चावले. लशीसाठी त्याला तालुक्याला न्यावे लागले. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा चार खेपा. प्रत्येक खेपेला कोणाची तरी मजुरी बुडाली. महिनाभर घरात कोणी धड झोपले नाही. तेव्हा "आबांना प्राण्यांविषयी प्रेम नाही" असे म्हणणे हा माझा उद्धटपणा ठरला असता. त्यांची भीती अनुभवाची होती. ताईंनी फोनवर त्यांना लसीकरणाच्या तारखा वाचून दाखवल्या. आबा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "सुई टोचल्याचा कागद संगं आनायचा. आन् ल्हान पोरांजवळ मोकळी सोडायची न्हाई." या दोन अटी कोणत्याही तज्ज्ञाने घातल्या असत्या अशाच आहेत.

१६ ऑक्टोबरला, भाजी घेऊन आलेल्या गावच्या टेम्पोतून, मी आणि चिंगी माण तालुक्यातल्या आमच्या गावी उतरलो. चिंगी म्हणजे साधी गावठी कुत्री, तांबूस रंगाची, वर्षभराची. दुचाकीखाली सापडून मागचा एक पाय मोडला होता. तो जुळला, पण आखूड राहिला. लस टोचलेली, निर्बीजीकरण झालेले, जंताचे औषध दिलेले. पहिले दोन दिवस ती ज्वारीच्या कणगीमागून बाहेर आली नाही. आई तिच्यापुढे भाकरी ठेवून लांब जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी, वसुबारस होऊन गेल्यावर, ती आपण होऊन अंगणात आली. कोंबड्या पाहून भुंकली नाही. मात्र आजीने काठी टेकत पाऊल टाकले तशी जमिनीला चिकटली आणि तिथेच लघवी केली. तिला पूर्वी काय सोसावे लागले असेल ते त्यावरून कळले. त्या दिवसापासून आजी अंगणात येण्याआधी काठी दाराबाहेर ठेवू लागली आणि भिंतीला धरून चालू लागली.

हे सगळे मी एका वहीत लिहीत होते, कारण ताईंनी तसे सांगितले होते. काय खाते, कशाला घाबरते, रात्री झोपते का, मुलांकडे पाहून काय करते. २१ तारखेला लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती पुन्हा कणगीमागे गेली, पण तासाभराने बाहेर आली. पाचव्या दिवसापासून ती दुपारी उन्हात आडवी पडून गाढ झोपू लागली. यात विशेष ते काय, असे वाटेल. पण निवाऱ्यात आठ महिने मी तिला कधी आडवी पडून झोपलेली पाहिली नव्हती. कायम पाय पोटाशी घेऊन, कान उभे.

जायचा दिवस जवळ आला तसा मलाच माझ्या मैत्रिणीचा प्रश्न पडला. ही दया की क्रूरता? मी आजीजवळ बोलले. आजी शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "दिवाळीला लेक म्हायेरी येती, आन् भाऊबीज झाली की जाती. म्हून तिला बोलवायचंच न्हाई व्हय?"

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या बहिणी, आत्या, मावश्या या चार दिवसांच्या आधारावर वर्ष काढतात! माहेरपण थोडे दिवसांचे असते म्हणून ते खोटे आहे असे आपण कधी म्हटले नाही. पाहुणा जाणार हे माहीत असूनच आपण त्याचे करतो. थोड्या काळाचे प्रेम हे खोटे प्रेम, ही कल्पना आपल्या घरातली नव्हेच.

मात्र आजीच्या दाखल्यात एक उणीव आहे आणि ती मी लपवणार नाही. लेकीला परतीचा दिवस ठाऊक असतो, कुत्रीला नसतो. तिला परत पिंजऱ्यात पाठवताना काय होते, हे आपल्या भाबडेपणाने ठरवून चालणार नाही. मानसशास्त्राच्या तासाला आम्ही कॉर्टिसॉल या संप्रेरकाविषयी शिकलो. ताण वाढला की शरीरात त्याचे प्रमाण वाढते. अमेरिकेतील लिसा गुंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच प्रश्नावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच निवाऱ्यांतील २०७ कुत्री एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवली आणि आधी, घरी असताना व परतल्यावर त्यांच्या लघवीतील कॉर्टिसॉल मोजले. घरी असताना ते उतरले. परतल्यावर पुन्हा चढले, पण पूर्वी होते तेवढेच. त्याहून अधिक नव्हे. म्हणजे सुट्टीने दुःख कायमचे संपत नाही हे खरे, पण परत गेल्याने ते पूर्वीपेक्षा वाढते असेही दिसले नाही. मधली विश्रांती तेवढी पदरात पडते. याच अभ्यासकांनी २०२३ मध्ये ५१ निवाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जी कुत्री काही दिवस घरी राहून आली, त्यांना कायमचे घर मिळण्याची शक्यता तशी न राहिलेल्यांपेक्षा सुमारे १४ पट अधिक आढळली. तिथले निवारे वेगळे, तिथली माणसे वेगळी. ते आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. पण त्यामागचे कारण इथेही समजण्यासारखे आहे. पिंजऱ्यातले कुत्रे कसे आहे हे कोणालाच कळत नाही. ते भुंकते किंवा कोपऱ्यात बसते, आणि पाहायला आलेला माणूस पुढे जातो. चिंगी कोंबड्यांच्या मागे लागत नाही, घरात घाण करत नाही, काठीला मात्र भिते, हे आता तिच्या कागदावर लिहिलेले आहे. ही माहिती मिळवायला आठ महिन्यांचा पिंजरा अपुरा पडला होता. आमच्या घराला १८ दिवस पुरले.

आता दुसरा आक्षेप: माणसे आधी की कुत्री आधी? हा प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीचे घर माझ्या घरासारखेच आहे, म्हणून तिचा राग मी समजू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. चावा गरिबाच्याच मुलाला बसतो, कारण मोटारीतून शाळेत जाणाऱ्याला कुत्रे भेटत नाही. प्राणिमित्रांनी हे दुःख हसण्यावारी नेले तर त्यांचे कोणी ऐकू नये. पण या दुःखावरचा उपाय काय? कुत्र्यांना लस टोचणे, त्यांचे निर्बीजीकरण करणे, आणि चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुऊन विनाविलंब लस घेणे. यांतली पहिली दोन कामे करणाऱ्या निवाऱ्यातला एक पिंजरा आपण १८ दिवस रिकामा केला, तर तिथे शस्त्रक्रियेनंतरची दुसरी कुत्री राहू शकते. म्हणजे ज्याच्या मुलाला चावण्याची भीती आहे, त्याचेही काम आपण थोडेसे हलके करतो. माणूस आणि कुत्रे यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची इथे गरज नाही. आणि "पोटे भरलेल्यांचे खेळ" म्हणाल, तर आमच्या घरात चिंगीला दिवसाला दोन भाकऱ्या आणि थोडे ताक लागत होते. खर्च दिसला तो वेळेचा आणि लक्ष देण्याचा.

मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी आज्ञेविरुद्ध पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली होती. म्हणजे हा वाद जुना आहे. गेल्या वर्षी तो आपल्या फाटकापर्यंत आला. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे पूर्वीच्याच जागी सोडायचे असे होते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री निवाऱ्यात हलवावीत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत असा आदेश दिला. मी चिंगीला परत करून पाचच दिवस झाले होते. हा आदेश योग्य की अयोग्य, यावर आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धा होऊन गेली आहे. तो वाद मी इथे उकरत नाही. मला त्यातले एवढेच दिसते की आवारातून उचललेले प्रत्येक कुत्रे कुठल्या तरी शेडमध्ये जाणार, आणि शेड काही रबराची नसते. ज्यांना आपण बशी दाखवली तेच जीव तिथे असतील. त्यांना आवारात ठेवणे आपल्या हाती नसेल, पण सुट्टीत एखाद्याला घरी नेणे आपल्या हाती आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विभागाने प्रत्येक सुट्टीआधी एक वही ठेवावी. ज्याला शक्य आहे त्याने नाव, गाव आणि तारखा लिहाव्यात. घरच्या मोठ्या माणसाचा होकार असल्याशिवाय नाव घेऊ नये. लसीकरण झालेलेच जनावर न्यावे, आणि एका प्राध्यापकांनी निवाऱ्याशी संपर्क ठेवावा. घरात अगदी लहान मूल असेल, किंवा सुट्टीत सगळेच ऊसतोडीला वा लग्नाला जाणार असतील, तर मोकळेपणाने नाही म्हणावे. त्यात कमीपणा नाही. नेणाऱ्याने फराळ खाऊ घालू नये. बेदाणे, चॉकलेट आणि कांदा ही कुत्र्याला विषासारखी आहेत, आणि शिजवलेल्या हाडांचे तुकडे आतड्यात रुततात. आणि ज्यांना मोबाइलवर टाकण्यापुरते चार फोटो हवे आहेत, त्यांनी या वहीच्या वाटेला जाऊ नये. गेल्या वर्षीच्या आमच्या पिल्लांचेही फोटो फार सुंदर आले होते.

२ नोव्हेंबरला चिंगीला घेऊन निघाले तेव्हा आईने माझ्या डब्याशेजारी दोन भाकऱ्यांचे वेगळे गाठोडे बांधले. आबा टेम्पोपर्यंत आले नाहीत. निवाऱ्यात शिरताना चिंगी दाराशी थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि मग आत गेली. त्या क्षणी मला काय वाटले ते मी इथे लिहीत नाही. पण ज्यांना हे करायचे आहे त्यांनी तो क्षण येणार हे धरूनच नाव द्यावे. तो सोसणे हा आपल्या वाट्याचा भाग आहे, आणि तो टाळण्यासाठी कुत्र्याचे माहेर रद्द करणे बरोबर नाही.

मी दर रविवारी जाते. चिंगी अजून निवाऱ्यातच आहे. एक कुटुंब तिचा कागद वाचून तिला दोनदा पाहून गेले आहे, पण त्यांचे अजून ठरलेले नाही. ती आता रविवारी दुपारी कधीकधी आडवी पडून झोपते. मागच्या आठवड्यात आबांचा फोन आला. परीक्षा कधी, पैसे आहेत का, एवढे विचारून झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "त्या कुत्रीला घर गावलं का गं? न्हाई तर मे महिन्यात येताना इचार कर. हितं पान्याची तंगी हाय, पर एका कुत्रीपुरतं निघंल."

वहीत पहिले नाव मी लिहीत आहे. दुसरे कोण लिहिणार?